पोरांना फ्रेंच शिकवताय? मग इंग्रजी जरा बाहेर ठेवा

पहिल्याच दिवशी फळ्यावर ए बी सी डी लिहू नका. हे सगळ्यात आधी सांगून टाकते कारण मी स्वतः तेच केलं होतं. नागपुरात मनीषनगरला आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून सहा पोरं बसवली होती, दुसरी ते चौथीची, आणि मी मोठ्या उत्साहात फ्रेंच अल्फाबेट सुरू केलं. आता गंमत अशी की इंग्रजीतल्या जी ला फ्रेंचमध्ये म्हणतात झे आणि जे ला म्हणतात झी, म्हणजे बरोब्बर उलटं, वरून इंग्रजी ई चं नाव अ आणि आय चं नाव ई. ज्या पोरांची इंग्रजी अक्षरंच आत्ता कुठे बसली त्यांच्यासमोर मी हे वाढलं, दहा मिनिटांत सगळी खिचडी. तिसरीतला एकजण सरळ म्हणाला, "मॅडम, तुमचं चुकून राहिलं." त्याच्या जागेवरून बघितलं तर बरोबरच होतं की त्याचं.

मी काही पॅरिस रिटर्न नाही. बी टू, म्हणजे मधल्यापेक्षा जरा वरच्या लेव्हलपर्यंत शिकले, तेही लग्नानंतर, आणि आता चार-पाच वर्षं शेजारपाजारच्या आणि ओळखीतल्या पोरांना शिकवून राहिले. तर हे जे काही लिहिते ते सतरंजीवरचं ज्ञान आहे, कॉलेजमधलं नाही.

मुद्दा असा आहे. आपली नागपूरची पोरं घरी मराठी बोलतात, खाली खेळायला गेली की हिंदी, शाळेत इंग्रजी. आणि फ्रेंच शिकवताना आपण हमखास इंग्रजीतून शिकवतो, कारण पुस्तकं तशी, आपण तसेच शिकलो, आणि फॉरेन म्हटलं की आपोआप इंग्रजी तोंडात येते. पण लहान पोराला लागणारी कितीतरी फ्रेंच त्याच्या तोंडात मराठी-हिंदीमुळे आधीच बसलेली असते, आणि इंग्रजीतून गेलो की तेवढीच नेमकी बिघडते. हे मला कळायला एक अख्खी बॅच गेली.

उच्चारापासून बघा. फ्रेंचचा टी म्हणजे आपला त, डी म्हणजे आपला द. जीभ दातांना लागते. इंग्रजी शब्दांत आपण टेबल, ट्रेन, डान्स म्हणतो, सगळीकडे ट आणि ड, आणि पोरगं लिहिलेला शब्द बघून तेच करते. तेच जर तुम्ही काहीही न दाखवता नुसतं म्हटलं "ताब्ल", तर पोरगं निमूट "ताब्ल" म्हणते, त्याला त म्हणायला काय त्रास आहे, तातडीने तांदूळ तोलणारी माणसं आपण. प आणि क चंही तेच. इंग्रज माणूस प म्हणताना तोंडातून हवा सोडतो, फ्रेंच सोडत नाही, मराठी पण सोडत नाही. तळहात तोंडासमोर धरून "पापा" म्हणायला लावा, हवा लागली नाही पाहिजे. पोरांना हा प्रयोग फार आवडतो, मग दिवसभर हातावर पापा पापा करत फिरतात.

नाकातले उच्चार, ज्याची सगळ्या मोठ्यांना भीती असते, तिथे आपल्याकडच्या पोरांना हिंदीचा फुकटात फायदा मिळतो. मराठीत लिहिलेला अनुस्वार आपण म्हणताना म नाहीतर न करून टाकतो, आंबा म्हणजे आम्बा, म्हणून मराठीतून वाचलं तर बोँझूर, म्हणजे नमस्कार, त्याचं बोनजूर होते. पण तेच पोरगं हिंदीत "हाँ", "माँ", "पाँच", "कहाँ" किती मस्त नाकातून म्हणते! तर त्याला सांगायचं, बाबू, हा हिंदीच्या हाँ वाला आवाज आहे, शेवटी न नाही म्हणायचं, तोंड बंद नाही करायचं. बस. मी यावर एक खेळ करते. फ्रेंचमध्ये पँ म्हणजे ब्रेड, पाँ म्हणजे मोर, पोँ म्हणजे पूल. तीनच शब्द, तीन वेगळे नाकातले आवाज. पँ म्हटलं की पोरांनी खायची ॲक्शन करायची, पाँ म्हटलं की हात पसरून मोर, पोँ म्हटलं की दोघांनी हात जोडून कमान करायची, आम्ही तिला नागपूरच्या पुलावरून रामझुला म्हणतो. हळूहळू स्पीड वाढवायची. जो चुकला त्याने पुढचा शब्द द्यायचा, आउट नाही करायचं कोणालाच, कारण आउट झालेलं पोरगं भिंतीला टेकून बसते आणि शिकणं तिथेच थांबते. या एका खेळाने जे काम होते ते फळ्यावर महिनाभर लिहून होत नाही.

काही आवाज मात्र आपल्याकडे नाहीत, तिथे मेहनत आहे. एक तो यू चा. तोंडात ई धरून ठेवायची आणि ओठांचा चंबू करायचा, उ म्हणताना करतो तसा. ई ई ई म्हणत म्हणत ओठ पुढे आणा, जीभ हलवू नका. फ्रेंचमधला तू मी इथे त्यु असा लिहिते पण ते खरं म्हणजे त्यु नाही, देवनागरीत ते लिहिताच येत नाही. याचा सराव करायला पेन्सिल आणि स्टूल घ्या. स्युर म्हणजे वर, सू म्हणजे खाली. "ल क्रेयोँ स्युर ला ताब्ल", "ल क्रेयोँ सू ला ताब्ल", पेन्सिल वर ठेव, खाली ठेव. तुमचा स्वतःचा उच्चार गचाळ असला तर पोरगं गोंधळून तुमच्या तोंडाकडे बघत बसेल, माझ्या बाबतीत झालंय हे, म्हणून आधी आरशासमोर प्रॅक्टिस करा, लाजू नका.

दुसरा आवाज र चा. तो घशातून येतो. आजी मिठाच्या पाण्याने गुळण्या करते ना, तो आवाज, फक्त पाण्याशिवाय आणि हळू. उर्दू बोलणाऱ्या घरातली मुलं असतील तर त्यांना सांगायचीच गरज नाही, ग़रीब मधला ग़ ज्याला येतो त्याला फ्रेंच र जवळपास आलाच, माझ्याकडे मोमिनपुऱ्यातून येणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी असा काही "मेर्सी", म्हणजे धन्यवाद, म्हटला की मीच तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. बाकीच्यांचा र आपला साधा मराठी राहिला तरी काही बिघडत नाही, समोरच्याला समजते. र वरून पोरांना छळू नका. आणि झ, म्हणजे बोँझूर मधला, तो झाडातला झ नाही. श म्हणायला लावा, श्श्श, गप्प बसवतो तसा, मग घशावर बोट ठेवून त्यातच आवाज मिसळायला सांगा, घसा गुणगुणला पाहिजे. झाला.

आता लिंग. इंग्रजीतून शिकवणाऱ्यांचा अर्धा जीव इथे जातो. खुर्ची बाई कशी आणि पुस्तक पुरुष कसं, हे इंग्रजीत विचार करणाऱ्याला पटतच नाही. आणि आपलं पोरगं? ते दोन वर्षांचं असल्यापासून तो पंखा, ती खुर्ची, ते दार करून राहिलंय. आपल्याकडे तर तीन आहेत, फ्रेंचमध्ये दोनच, ल आणि ला, तो आणि ती. पोरांना हे असंच सांगितलं तर ती म्हणतात, "मग सोपं आहे ना, ते नाहीच!" अगदी. फक्त ते वाले शब्द दोन्हीकडे वाटून दिलेत हे लक्षात ठेवायचं. ला शेझ, ती खुर्ची, जमलं. ल तिग्र, तो वाघ, जमलं. ला फनेत्र, ती खिडकी. पण ला मेझोँ, म्हणजे घर, तिकडे ती आहे. ल लीव्र, पुस्तक, तिकडे तो. आणि खरी मजा म्हणजे चंद्र, ला ल्युन, तिकडे चंद्र बाई आहे! एक पहिलीतली चिमुरडी यावर फार नाराज झाली, "चांदोमामा आहे ना तो, मामी काऊन केलं त्याला?" तेव्हापासून आमच्याकडे त्याला चांदोमामीच म्हणतात आणि तो शब्द कोणीच विसरत नाही.

तर पद्धत काय, सुटा शब्द कधीच द्यायचा नाही. शेझ नाही, ला शेझ. कार्डं करताना ला वालं लाल कागदावर, ल वालं निळ्यावर, चित्र पोरांनी काढायचं, विकतची फ्लॅशकार्डं घेऊ नका, महाग पण असतात आणि त्यावर बर्फातला माणूस नाहीतर स्ट्रॉबेरी असते. मराठीशी जुळणारे शब्द एका डब्यात, न जुळणारे दुसऱ्या डब्यात. दुसऱ्या डब्याला आम्ही भांडणडबा म्हणतो. रोज त्यातली दोन कार्डं काढायची. विशेषणाचंही असंच आहे, हिरवा पोपट, हिरवी मिरची हे ज्याला येते त्याला वेर आणि वेर्त मधला फरक समजावत बसावं लागत नाही, लहान म्हणजे मुलाला पती, मुलीला पतीत. फक्त रंग नावाच्या मागून येतो, काळं मांजर नाही, मांजर काळं, अँ शा नुआर. हे त्यांना यमक जुळवायला उलटं केल्यासारखं वाटते, घेतात.

त्यु आणि वू चं तर बोलायलाच नको. तू आणि तुम्ही, संपला विषय. एकच अडचण येते, फ्रेंच पोरं घरात आजोबांना पण त्यु म्हणतात. आपल्याकडे आजी तू आणि आजोबा तुम्ही असलेली घरं पुष्कळ, तर हे सांगून ठेवा, नाहीतर पोरगं घरी जाऊन आजोबांना तू म्हणेल आणि बोलणी तुम्हाला बसतील.

भूक लागली, तहान लागली हेही आपल्याच वळणाचं आहे. फ्रेंचमध्ये झे फँ, म्हणजे माझ्याकडे भूक आहे, झे स्वाफ, तहान आहे. भूक ही वस्तू आहे, आपल्यासारखीच, इंग्रजी हंग्री सारखं माणसाचं विशेषण नाही. इंग्रजीतून गेलेली मोठी माणसं इथे हमखास "झ स्वी फँ" म्हणतात, म्हणजे मी भूक आहे. वयाचंही तसंच, सात वर्षांचा असेन तर झे सेत आँ, माझ्याकडे सात वर्षं आहेत. आपली पोरं "मले सात वर्षं झाले" म्हणतातच की, त्याच्या हे जवळच आहे.

तास कसा घ्यायचा ते सांगते. तीस मिनिटं, जास्त नको, आठवड्यातून तीनदा. रविवारी एकदम दीड तास बसवून काही होत नाही, मी करून बघितलंय, चाळीस मिनिटांनंतर अर्धी पोरं बाथरूमला जातात. नवीन शब्द पाच, फार तर सहा. सुरुवात रोज एकसारखी, गोल बसायचं, बोँझूर, सा व्हा म्हणजे कसं काय, मग खिडकीतून बाहेर बघून हवा सांगायची. नागपुरात हे जरा एकसुरी होते, इल फे शो, गरम आहे, इल फे शो, इल फे शो, जुलैत मधूनच इल प्ल, पाऊस पडतो, आणि डिसेंबर-जानेवारीत जेव्हा टोप्या-स्वेटर घालून पोरं येतात तेव्हा इल फे फ्रुआ म्हणायला इतकी आतुर असतात की दारातूनच ओरडतात. पण रोज तेच ते होते म्हणूनच ते पक्कं होते.

मग उठाबशीचे खेळ. पहिले दोन महिने पोरांनी बोललंच पाहिजे असं काही नाही, तुम्ही बोला, त्यांनी करू द्या. लव्हे-वू म्हणजे उठा, आसेये-वू बसा, तूशे ल ने नाकाला हात लावा, मोँत्रे ला पोर्त दार दाखवा. यातलाच खेळ म्हणजे जाक आ दी, जाक म्हणाला. "जाक आ दी, तूशे ला तेत" म्हटलं तर डोक्याला हात लावायचा, नुसतं "तूशे ला तेत" म्हटलं तर नाही लावायचा. इंग्रजी शाळेतल्या पोरांना हा खेळ सायमनच्या नावाने माहीत असतो. जी पोरं अजिबात बोलत नाहीत ती यात बघा कशी सगळ्यात पुढे असतात, ऐकलेलं सगळं आत जाऊन बसलेलं असते. आमच्याकडे एक पोरगा तीन महिने गप्प होता, त्याच्या आईने मला दोनदा विचारलं की फी वाया तर नाही ना चालली, आणि चौथ्या महिन्यात तो एक दिवस लहान बहिणीला दटावत म्हणाला "आसिए-त्वा!" एकटीला होती म्हणून त्वा, वू नाही. मी शिकवलं पण नव्हतं हे वेगळं, कधीतरी माझ्या तोंडून ऐकलं असेल.

चुका दुरुस्त करायच्या नाहीत का? करायच्या, पण तोंडावर नाही. पोरगं म्हणालं "ल शेझ", तर तुम्ही म्हणायचं "हो, ला शेझ! ला शेझ कुठे आहे?" आणि पुढे जायचं. चूक, चूक म्हणत हात आपटला की ते पोरगं पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही. आणि एक चूक तर चूकच नाही. फ्रेंचमध्ये शब्द एकमेकांना चिकटतात, अँ आणि एलेफाँ मिळून अँनेलेफाँ, ले आणि एलेफाँ मिळून लेझेलेफाँ. मग पोरांना वाटते हत्तीचं नाव नेलेफाँ आहे नाहीतर झेलेफाँ आहे. हसू नका, फ्रान्समधली तीन-चार वर्षांची पोरं हेच करतात, अस्वलाला उर्स म्हणायच्या जागी नुर्स म्हणतात.

आकड्यांना जरा वेळ द्या, तिथे माल भरपूर आहे. आधी बोटं. फ्रान्समध्ये एक दाखवायचा तर अंगठा वर करतात, दोन म्हणजे अंगठा आणि तर्जनी. आपली आजी करंगळीपासून आणि तेही पेरांवर मोजते, एका बोटावर तीन. पोरांना दोन्ही करू द्या. सेत-सात, नफ-नऊ, दीस-दहा हे शेजारी शेजारी म्हणा, या भाषा लांबच्या नात्यातल्या आहेत ते पोरांना न सांगता ऐकू येते, एकाने विचारलं पण, "त्यांनी आपलं कॉपी केलं का?"

वीसच्या पुढे वँत-दø असं काहीतरी लिहायला मला देवनागरी पुरत नाही, पण त्याचा अर्थ सरळ वीस-दोन. आठवते ना, 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीस ऐवजी वीस दोन आलं होतं आणि केवढा गदारोळ झाला, विनोद काय, व्हॉट्सॲप फॉरवर्ड काय. फ्रेंच तसंच मोजतात आणि त्यांचं बरं चाललंय. पण साठच्या पुढे त्यांची गाडी घसरते. सत्तरला शब्दच नाही, साठ-दहा म्हणतात, पंचाहत्तर म्हणजे साठ-पंधरा. ऐंशी म्हणजे चार-वीस. नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ! बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर आणि नव्वदला सुटे शब्द ठेवले, शहाणे लोक. हे पोरांना सांगायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला लावा, आपल्याकडे गावात विसाने मोजायचे, चार विसा म्हणजे ऐंशी. एका पोराच्या पणजीला हे येत होतं, दुसऱ्या दिवशी तो येऊन म्हणाला आमच्या पणजीला फ्रेंच येते. तसंही ज्या पोराला एकोणसाठ आणि एकोणसत्तर पाठ आहे, म्हणजे पुढच्यातून एक वजा, त्याला चार गुणिले वीस काय जड आहे. तरी पहिली-दुसरीला साठच्या पुढे नेऊ नका.

वारांचं एक सांगते, कारण हे कुठल्याच इंग्रजी पुस्तकात आपल्या कामाचं दिलेलं नसते. फ्रेंच सोमवार, लँदी, हा ल्युन म्हणजे चंद्रावरून, आपला सोम म्हणजे चंद्रच. मार्दी मंगळावरून, मेर्क्रदी बुधावरून, झदी गुरूवरून, वाँद्रदी शुक्रावरून. पाचच्या पाच जुळतात, तेच ग्रह, त्याच क्रमाने. शनिवार-रविवार तेवढे वेगळे झाले, ते धर्मावरून आले. मी ग्रहांची चित्रं लावते आणि पोरांनाच जोड्या लावू देते, शुक्राचं चित्र बघून "शुक्रवार... वाँद्रदी!" असं ओरडतात तेव्हा मला सांगा, फ्रायडे मधून गेलो असतो तर हे जमलं असतं का.

शब्द निवडताना आपल्या पोरांचं आयुष्य बघा. पुस्तकात चीज, क्रोआसाँ आणि बर्फ असतो. आमच्याकडे तर्री-पोह्याचा ठेला लागतो. एकजण ठेलेवाला, बाकीचे गिऱ्हाईक. "बोँझूर मस्य, युन आसिएत द पोहा, सिल वू प्ले." एक प्लेट पोहे द्या. "से कोँबियँ?" किती झाले. "से पिकाँ!" तिखट आहे. पोहा फ्रेंचमध्ये पोहाच राहू द्या. ठेल्यावर आल्याबरोबर बोँझूर म्हटलं नाही तर ठेलेवाला पोहे देत नाही, हा नियम, कारण फ्रान्समध्ये दुकानात शिरताना बोँझूर न म्हणणं उद्धटपणा समजतात. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन येतात, तेव्हा बैल, ल बफ. एक बैल असला तर शेवटचा फ ऐकू येतो, आणि खूप बैल झाले की फ गायब, नुसतं ले ब. "गर्दीत हरवला," असं एक पोर म्हणालं, याच्याहून बरं मला समजावता आलं नसतं.

आणि संत्रा. नागपुरात बसून हा शब्द चुकवायचा नाही. पुस्तकं सांगतात ओराँझ. तो शब्द मुळात आपल्याकडचाच, संस्कृत नारंग, तिथून फारसी, अरबी करत युरोपात गेला. पण आपला नागपुरी संत्रा, सैल सालीचा, हाताने सोलला जाणारा, फ्रेंच माणूस बघेल तर त्याला ओराँझ नाही म्हणणार, ला मान्दारीन म्हणेल. ओराँझ म्हणजे आपल्या मोसंबीसारखं घट्ट सालीचं फळ. खरी फळं आणून सोलून दाखवा, तास खाण्यात गेला तरी चालेल.

वाचायला कधी? माझ्या मते तिसरीच्या आधी नाही, आणि तिसरीतही पहिले तीन-चार महिने नुसतं कानाने. आणि देवनागरीत लिहून देऊ नका! आई-बाबा मागतात, "मॅडम मराठीत लिहून द्या ना, घरी करून घेतो," आणि मग बोनजॉर पक्कं होऊन येते, ते काढायला दोन महिने जातात. त्यापेक्षा तुमच्या आवाजात तीस सेकंदांची क्लिप ग्रुपवर टाका. हो, मी वर सगळं देवनागरीतच लिहिलंय, पण ते तुमच्यासाठी, मोठ्यांसाठी.

वाचन सुरू करताना आधी तोंडपाठ असलेलेच शब्द दाखवा. मुख्य गोष्ट एकच सांगायची, शेवटची अक्षरं झोपलेली असतात. पती मधला शेवटचा टी झोपलेला, पारी म्हणजे पॅरिस, त्यातला एस झोपलेला. पोरांना त्या अक्षरांवर पांघरुणाचं चित्र काढायला लावते मी. शेवटी ई आली की ती टी ला उठवते, म्हणून पतीत. शेवटी सी, आर, एफ, एल असले तर बहुतेक वेळा जागे असतात, अपवाद येतील तेव्हा बघू. शहरातली उदाहरणं पण आहेत. मिहान या आमच्या औद्योगिक भागात विमानाचे भाग बनवणारी दासो कंपनी, तिच्या नावात शेवटी एल आणि टी दोन्ही लिहिलेत, ऐकू काहीच येत नाही. सदरच्या एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेच्या नावातलं डी सेल्स हे फ्रेंच उच्चारात द साल, फ्रान्समधल्या आनसी भागातला संत तो, आणि तिथलेच मिशनरी एकोणिसाव्या शतकात नागपुरात आले. पोरं मग बसमधून पाट्या वाचत येतात. सी आणि एच मिळून श होतो हे नावांवरून सांगा, एच एकटा असला तर मुकाच, म्हणून हर्ष चा आर्श होतो. चैतन्य नावाचं कोणी असेल तर जरा जपून, फ्रेंच माणूस ते शेतान्या वाचेल आणि पोरं त्याला वर्षभर सोडणार नाहीत.

यूट्यूब लावायचं तर आधी स्वतः ऐका, इंग्रजी वळणाचे फ्रेंच व्हिडिओ भरपूर आहेत. टीव्ही फाइव्ह मोंद या फ्रेंच चॅनेलची शिकण्याची साइट फुकट आहे, तुमच्या स्वतःच्या सरावाला चांगली, लहान पोरांना अवघड जाते.

परीक्षेचं सगळेच पालक विचारतात. प्रायमरीच्या मुलांसाठी देल्फ प्रिम आहे, फ्रान्सच्या शिक्षण खात्याची, तीन पायऱ्या, ए वन पॉइंट वन, ए वन आणि ए टू. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 मार्क, 100 पैकी 50 ला पास, फक्त कुठल्याही एका भागात 5 च्या खाली यायचं नाही. सर्टिफिकेट कधी संपत नाही. पण दोन वर्षं खेळून झाल्याशिवाय नाव काढू नका, मी एकदा पालकांच्या आग्रहाने घाई केली आणि सहा महिने खेळ बंद, नुसते पेपर, दोघींनी शिकणंच सोडलं. तसंही 2020 च्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषा सेकंडरीला धरल्या आहेत, प्रायमरीत याचे मार्क कोणी मागत नाही. उलट मराठीचं वाचन कच्चं असेल तर मी सरळ सांगते की आधी ते पक्कं करा, फ्रेंच सहा महिन्यांनी. कारण वर जे सगळं सांगितलं, तो-ती, तू-तुम्ही, नारंग आणि चार विसा, ते ज्याच्याकडे मराठीच पातळ आहे त्याच्या काही कामाचं नाही.

शेवटचं म्हणजे उन्हाळा. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे सुट्टी लांबलचक, आणि मे मध्ये 45 च्या वर पारा असताना कोणी पोरगं क्लासला येत नाही, बोलवू पण नका. अभ्यास देऊ नका, घरकाम एवढंच द्या की आजीला नाहीतर गावच्या काकांना रोज एक शब्द शिकवायचा. जूनमध्ये आली की पहिला आठवडा नवीन काही नाही, तेच गोल, तोच रामझुला, तेच जाक आ दी. पोरं विसरलेली वाटतात पण तीन-चार दिवसांत परत येते सगळं. मागच्या वर्षी एकीने तर सुट्टीत आजीला इतकं पक्कं करून ठेवलं की आजी तिला सोडायला आल्या, कूलरसमोर पदराने वारा घेत बसल्या आणि मला म्हणाल्या, "इल फे शो, बाई, इल फे शो."